लसणाचं तेल

लाइट गेलीच आहे तर ऐका पोट्टेहो. मोबाइल ठेवा बाजूला. गोष्ट आपल्या जीपवाल्या बंडूची आहे. त्यानं स्वतःच्या तोंडानं मला सांगितली. बंडू खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात. त्या दिवशी झाले नव्हते.

गेल्या डिसेंबरची नऊ तारीख, मंगळवार. रात्री सव्वाअकराला बंडू दर्यापूरहून अकोल्याला निघाला. मागच्या सीटवर खुशालराव आडवे. डावा पाय सुजून टम्म. अकोल्याचे डॉक्टर फोनवर म्हणाले होते, "शिरेत रक्ताची गाठ दिसते. आत्ताच आणा. आणि पाय चोळू नका."

हे खुशालराव म्हणजे लचक, मुरगळा काढणारा तालुक्यातला नावाजलेला हात. लसूण घालून कढवलेलं तेल आणि तो त्यांचा अंगठा. माणूस बोंबलायचा, पण आपल्या पायानं घरी जायचा. गर्व इतका, की डॉक्टरचं नाव काढलं तरी थुंकायचे.

वर्षापूर्वी त्यांच्या सुनेचा, पौर्णिमाचा पाय असाच सुजला. नवरा किशोर फौजेत. बंडूनंच तिला याच जीपमध्ये अकोल्याला नेलं. डॉक्टर भरती व्हा म्हणत होते, पण घरी दोन महिन्यांचं बाळ. ती इंजेक्शन घेऊन एका रात्रीपुरती परत निघाली. येताना हसत होती पोरगी. गुडघ्यामागं डॉक्टरांनी पेनानं निळी फुली मारली होती.

"भाऊ, इथूनच बारीक नळी घालून गाठ ओढून काढतो म्हंते. चिरफाड नाई. उद्या आठले बोलावलं."

बंडूनं घरी खुशालरावांना बजावलं, "काका, चोळू नका म्हने. गाठ सुटली तं छातीत जाते."

"मले शिकवून राहिला काय बे? जिंदगी गेली माही पाय चोळन्यात!"

सकाळी जीप दारात आली तेव्हा पौर्णिमा गेली होती. दम लागला अन् गेली, असं खुशालराव सांगत होते. तिच्या खाटेखाली तेलाची वाटी होती. बंडूनं ती पाहिली, आणि किशोरला सांगितलं नाही. मोठ्या माणसाच्या वाकड्यात कोण जाणार? भित्रा कुठला! मला अजून त्याचा राग येतो.

तर त्या मंगळवारी पूर्णेचा पूल आला. खुशालराव कण्हत होते.

"बंडू, वाचीन नं मी? ते नळीवालं करतीन नं माह्यं?"

"करतीन काका."

पूल संपला.

"बंडू... पाय कोन चोळून राह्यलं?"

"कोनी नाई काका."

जीपमध्ये दोघंच होते.

"चोळू नको... ए... चोळू नको म्हन्लं नं!"

वास आला. लसणाच्या तेलाचा.

बंडूनं आरशात पाहिलं नाही. हिंमत नव्हती. मागं आवाज चालू होता. चप... चप... चप... अंगठा पोटरीवरून वर सरकतो ना, तसा.

"पौर्णिमा... सोड वं... मी मामाजी हाव तुहा..."

चप... चप...

"सोड... बाळाची आन हाय तुले..."

आवाज थांबला. बंडूला वाटलं, सोडलं.

मग एकदाच. जोरात. खालून वर.

खुशालरावांनी एक लांब श्वास घेतला... आणि सोडलाच नाही.

अकोल्यात स्ट्रेचरवरच डॉक्टर म्हणाले, गेले. बंडूनं तिथंच उभ्या उभ्या किशोरला फोन लावला. रात्रीचा एक वाजला होता. तेलाच्या वाटीपासून सगळं सांगितलं, रडत रडत.

फोन ठेवला तेव्हा डॉक्टर खुशालरावांचा पाय उचलून पाहत होते.

"अहो, गुडघ्यामागं ही फुली कोणी मारली? मी तर यांना आत्ताच पाहतोय."

बंडू दोन पावलं मागं सरकला.

डॉक्टरांनी त्यावर बोट फिरवलं. बोटाला निळं लागलं. शाई ओली होती.