बारा महिने भरण्याआधी

युरोपातल्या लुब्लियाना शहरातला एप्रिलचा पाऊस असा, की छत्री उघडावी की नको हे ठरेपर्यंत माणूस चिंब होतो. त्या सकाळी विद्यापीठाच्या अनुदान कचेरीच्या दारात असाच एक जण येऊन उभा राहिला… केसांतून पाणी निथळतंय, छातीशी धरलेली फाइल मात्र कोरडी ठणठणीत!

"आधी स्वतःला पुसा," टेबलामागून नेझा म्हणाली. "ओल्या माणसाला युरोप पैसे देत नाही."

"असा नियम आहे?"

"इथं मी सांगेन तो नियम."

तो हसला. नाव दुआर्ते, पोर्तुगालचा. इथल्या गुहांच्या काळोख्या पाण्यात राहणाऱ्या, आंधळ्या, फिकट गुलाबी, 'मानवमासा' म्हणवणाऱ्या सरड्यासारख्या जलचराचा अभ्यास करायला आला होता. नोकरी ऑक्टोबरपर्यंतच, पुढं राहायचं तर युरोपची दोन वर्षांची पाठ्यवृत्ती मिळवायला हवी. दहांतल्या एखाद्या-दुसऱ्यालाच ती मिळते, आणि असे अर्ज पाठवण्याआधी तपासणं हेच नेझाचं काम.

"काय खातो हो तुमचा मानवमासा?"

"वर्षानुवर्षं काहीच नाही. नुसता वाट बघत बसतो."

"कुणाची?"

"तेच शोधायला तर पैसे मागतोय…"

मे महिना अर्जातच गेला. एकेक परिच्छेद ती लाल शाईनं खोडायची, तो कुरकुरत पुन्हा लिहायचा. नदीकाठच्या विलोच्या झाडांखाली कॉफी निवून जायची — आणि कधीतरी, दोघांच्याही नकळत, 'तुम्ही'चं 'तू' झालं.

मग एका शुक्रवारी ती सहज म्हणाली, "इथं आल्याची तारीख?"

"गेल्या वर्षी, वीस जून."

नेझाचं पेन थांबलं. ज्या देशासाठी अर्ज करायचा, त्या देशात गेल्या तीन वर्षांत बारा महिन्यांहून जास्त राहिलेला माणूस चालत नाही. अर्जाची शेवटची तारीख दहा सप्टेंबर. तो इथंच राहिला, तर अर्ज न वाचताच बाद!

आणि हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. ती गप्प बसली तर उन्हाळाभर तो तिचा… सांगितलं तर तीन आठवड्यांत त्याची आगगाडी.

रविवारी चौकातल्या गुलाबी चर्चमध्ये ती शेवटच्या बाकावर बसली. वृद्ध पाद्रीबाबा गात होते. देव ज्याला जवळ घेतो, त्याला आधी वाट चालायला लावतो… त्या सुरानं तिचे डोळे भरून आले. देवापुढं मेणबत्ती लावून ती उठली, ती थेट त्याच्या दारी.

"दुआर्ते, इथं राहायचं असेल तर तुला इथून जावं लागेल."

नियम ऐकून त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरात दिवस मोजले.

"हे तू सांगितलं नसतंस तर?"

"तर ऑक्टोबरात तू गेला असतास. कायमचा."

बारा महिने भरायला दोन दिवस असताना त्यानं मायदेशी परतायला गाडी पकडली.

सप्टेंबरात अर्जाची शेवटची प्रत तपासायला आली. संभाव्य धोके आणि त्यांवरचे उपाय, हा तक्ता प्रत्येक अर्जात लागतोच. पहिला धोका, गुहेत पूर येणं. दुसरा, यंत्र बिघडणं. तिसरा… तिनं चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

'धोका : नेझा मला विसरेल. उपाय : सापडलेला नाही.'

"वेडा!" ती रिकाम्या कचेरीत मोठ्यांदा म्हणाली. ते पान छापून पर्समध्ये ठेवलं, मग अर्जातली ओळ खोडली आणि समासात लिहिलं, 'तिलाच विचारावं.'

फेब्रुवारीत बर्फ भुरभुरत होता. निकालाच्या दिवशी दारात कुणीतरी उभं राहिलं — पुन्हा चिंब, हातात फोन.

"काय लागला निकाल?" तिनं खुर्चीतून उठत विचारलं.

"पत्र आलंय. उघडलं नाही. आधी तिसरा धोका… तिलाच विचारायला आलोय."

नेझानं पर्समधून घड्या पडलेला कागद काढला आणि त्याच्यासमोर धरला.

"विसरले असते तर हा जपला असता का रे?… नकार आला तरी तू आता कुठं जायचं नाहीस. उघड!"

दोघांनी मिळून पत्र उघडलं. मंजूर. दोन वर्षं.

"दोनच?" तो पुटपुटला. "फार कमी मागितली मी…"

त्याच्या केसांतला बर्फ ओढणीसारख्या लांब मफलरनं पुसत ती म्हणाली, "मुदतवाढीचे अर्ज माझ्याकडेच येतात."