अंकुश येईस्तोवर

त्या इस्पितळात रुग्ण डॉक्टरशी बोलत नसत, सांध्यांशी बोलत. सांधा म्हणजे एकच काम करणारा यंत्राचा तुकडा. पहिला रुग्णाचं ऐकतो, दुसरा त्यातून निर्णय काढतो, तिसरा तो अमलात आणतो. नियम एकच: पुढचा मागेल तेवढंच मागच्यानं द्यायचं, उरलेलं पुसून टाकायचं. काम सुसाट झालं. माणूस अटी घालूनच बोलतो, हे मात्र सांध्यांचं जाळं आखणाऱ्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

पहिल्या सांध्यानं आबा खंदारेंना विचारलं, "गरज पडली तर श्वासयंत्र लावायचं का?"

"लावा. पण माझा पोरगा अंकुश येईस्तोवरच. तो दिसला की काढा. उगं लोंबकळत ठेवू नका."

दुसऱ्या सांध्याला फक्त हो किंवा नाही हवं होतं; अट घातलेला हो त्याच्या लेखी हो नव्हता. पडद्यावर उमटलं: नाही.

अंकुश दुबईहून निघाला होता. आबांना धाप लागली होती. त्यांची मुलगी तुळसा तडक वर गेली, हे जाळं आखणाऱ्या डॉ. उर्मिला बापटांकडे.

"मॅडम, आबांचं 'अंकुश येईस्तोवर' कुठं गेलं?"

"पुढच्या सांध्यानं ते मागितलंच नव्हतं."

"मग मागायला लावा की!"

उर्मिलानं डोळे चोळले. हे ती कितव्यांदा सांगत होती कुणास ठाऊक. "एकाचा प्रश्न बदलला की पुढचे सगळे बदलावे लागतात, तुळसाबाई. राज्यभरची इस्पितळं या एका जाळ्यावर आहेत."

"म्हणजे माझ्या बापानं तुमच्या मशीनच्या सोयीनं मरायचं?"

"उत्तर बदलता येतं. पण रुग्णाच्याच आवाजात. नातेवाइकांनी म्हाताऱ्यांची यंत्रं परस्पर काढायला लावू नयेत, म्हणून घातलाय तो नियम."

"ते 'हो' म्हणाले तर?"

"तर यंत्र लागेल. शुद्ध गेल्यावर मात्र कुणालाच काढता येणार नाही. मलाही नाही."

तुळसा खाली आली. सांध्यानं पुन्हा विचारलं. आबांनी तोंड उघडलं, "लावा, पण अंकुश..."

तिनं त्यांच्या तोंडावर हात ठेवला. "आबा, एकच शब्द बोला."

"कोणता?"

तो तिलाच सांगावा लागला.

अंकुश आला. बेशुद्ध बापाचा हात धरून रडला, आठवडाभर राहिला, कामावर परत गेला. आबांची छाती अजून वरखाली होते. तुळसा रोज पहिल्या सांध्यापुढं उभी राहून सांगते, पोरगा भेटून गेला, आता काढा.

सांधा सगळं शांतपणे ऐकून घेतो. पुढं काहीच देत नाही.