चार नंबरचं पाकीट

कुरिअरवाला मावल्यापर्यंतच येतो. माझं सासर जैनथच्या पुढं, पैनगंगेच्या काठावर. तिथवर कुणी जात नाही. म्हणून गावातल्या बायका माझ्या मोबाइलवरून वस्तू मागवायच्या आणि पत्ता माझा द्यायच्या. मी मावल्याला राहते, हायस्कुलात भौतिकशास्त्र शिकवते.

या कामाची माझी एक पद्धत होती. पाकिटावर नाव लिहायचं नाही. प्रत्येक बाईला एक नंबर, तो फक्त तिला आणि मला ठाऊक. पाकीट आलं की काट्यावर ठेवायचं आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं नंबर आणि वजन लिहायचं. शनिवारी ऑटोनं पिशवी गावात न्यायची. बाईनं नंबर सांगितला की पाकीट द्यायचं. नाही सांगितला तर तिच्या सख्ख्या बहिणीलाही नाही. मग ती घरी पुन्हा तोलून घ्यायची. वजन तेच भरलं, म्हणजे मध्ये कुणी उघडलं नाही. आजारपणात केस गेलेल्या एकीचा टोप असाच आला होता. ती कोण, ते मी इथंही लिहीत नाही.

"मॅडमच्या पोटात गेलं का भाईर येत नाई," आशाबाई म्हणायच्या. सगळ्यांत आधी त्यांनीच माझ्यावर विश्वास टाकला होता. त्यांचा नंबर चार. त्यांचं हे वाक्य मी परतताना ऑटोत मनातल्या मनात म्हणत असे.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि रंजीता घरात आली. दिराचं जैनथच्या स्टँडवर मोबाइलचं दुकान आहे. कुरिअरवाल्याला सांगून ती मावल्याहून ऑटोनं तिथंच पार्सलं उतरवून घेऊ लागली. तिची काही पद्धत नव्हती. नावं मोठ्या अक्षरांत, पाकिटं काउंटरवर उघडी पडलेली, सोबत गप्पा. दिवाळीत माझ्या पिशवीत अकरा पाकिटं होती. संक्रांतीला तीन. शेवटी आशाबाईही तिकडं गेल्या.

"ते जवळ पडते, मॅडम," त्या म्हणाल्या. "अन् पोरगी हासून बोलते."

मी हसून बोलत नाही, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

फेब्रुवारीत रंजीता स्वतः माझ्याकडे आली. दारातच उभी राहिली, चहा नको म्हणाली. एक वस्तू मागवली आहे आणि पत्ता तुमचा दिला आहे, एवढं सांगितलं. दुकानाचा का नाही, असं मी विचारलं.

"तिथं सारेच पाहतात, जाऊबाई. तुमी नाई पाहत."

मी तिला सतरा नंबर दिला.

पाकीट मंगळवारी आलं. वजन बरोबर २५० ग्रॅम. दोन दिवस ते टेबलावर होतं. मी वह्या तपासत होते आणि ते समोर होतं. गुरुवारी दुपारी मी ब्लेड घेतलं आणि चिकटपट्टी कापली. कापताना माझ्या मनात एकच वाक्य होतं: यात असं काही निघावं, की ते पाहून बायका तिच्यापासून तोंड फिरवतील.

आत काही नव्हतं.

मी पाकीट उलटं केलं. हात घालून पाहिला. नव्या प्लास्टिकचा वास, बाकी काही नाही. रिकामं पाकीट काट्यावर ठेवलं. २५०. काटा शून्यावर आणून पुन्हा ठेवलं. २५०. दुसऱ्या दिवशी शाळेच्या प्रयोगशाळेतल्या काट्यावरही तेच.

मी नवी पट्टी जुनीवर बसवली. ती डावीकडे एक मिलिमीटर सरकली.

शनिवारी रंजीतानं पाकीट तोललं नाही. कानाशी नेलं आणि थोडा वेळ ऐकलं.

"बायका तोंड फिरवतीन म्हणे," ती हळूच म्हणाली. मग हसली. "नाई सांगत कोणाले, जाऊबाई. माह्या पोटात राहीन."

पुढच्या आठवड्यात माझ्याच नावानं एक पाकीट आलं. मी काही मागवलं नव्हतं; मोबाइलवर तशी नोंदही नव्हती. कुरिअरवाला म्हणाला, कोड तुम्हीच फोनवर सांगितलात. चिकटपट्टी डावीकडे एक मिलिमीटर सरकलेली होती. कोपऱ्यात पेन्सिलीनं, माझ्या अक्षरात, लिहिलं होतं: ९. २५०.

नऊ नंबरची बाई आता रंजीताकडून मागवते.

त्यानंतरच्या आठवड्यांत बारा आलं, सहा आलं. मग चार. प्रत्येकाचं वजन २५०. मी एकही उघडलं नाही, गावातही नेलं नाही. चारही फडताळात एका रांगेत ठेवली.

आज शाळेत आरोग्य तपासणी होती. मुलांनंतर नर्सनं शिक्षकांचीही वजनं घेतली. जूनमध्ये माझं ५२.३ होतं. आज ५१.३. वेळेवर जेवत जा, ती म्हणाली.

मी वेळेवर जेवते.

घरी येईपर्यंत मी तो हिशेब केला नाही. चप्पल काढताना आपोआप झाला. चार पाकिटं, एक किलो.

फडताळात तीन होती.

नवरा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होता. त्याला विचारलं. साडेतीनला रंजीता येऊन गेली, तो म्हणाला. आशाबाईंचं एक पाकीट इथं राहिलं होतं म्हणे.

"दिलंत?"

"नंबर सांगतला तिनं. चार. तुझाच नियम हाय ना?"

मी घड्याळ पाहिलं. ऑटो गावात पोहोचून बराच वेळ झाला असेल. आशाबाई आधी तोलून घेतील. ती सवय मीच लावली आहे. वजन बरोबर भरेल.

मी खुर्चीवर बसून राहिले. पंखा बंद होता.

सहाला दहा मिनिटं कमी असताना माझ्या मानेमागे, केसांच्या मुळाशी, पट्टी सुटताना होतो तसा आवाज झाला. अगदी सावकाश. पाकीट फाटू नये म्हणून कुणी नखानं जपून काढावी, तसा.