थांबलेलं पान

ही गोष्ट खरी आहे. घडली तेव्हा घरात मी एकटी नव्हते, म्हणून तरी ती लिहायचा धीर होतोय.

तोक्योच्या नेरिमा भागातलं आमचं दुमजली घर. गेल्या नोव्हेंबरातली संध्याकाळ. दिवे लागायची वेळ.

पण त्याआधीचा एक दिवस सांगितल्याशिवाय ती संध्याकाळ सांगता येणार नाही.

तो अगदी साधा दिवस होता.

बाबा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून अंगणातल्या झाडाचे पर्सिमॉन सोलत होते. समोर नुकुई. बाबांची जुनी विद्यार्थिनी, अजूनही त्यांना 'सेन्सेई', म्हणजे गुरुजी, म्हणणारी. माझ्याच वयाची, आता स्वतःचं नाव असलेली समीक्षक. मी बेसिनपाशी कप विसळत होते.

"सेन्सेई, किती जाड सोलताय. अर्धं फळ सालीबरोबर गेलं."

"तुझ्या परीक्षणानंतर पुस्तकाचं जेवढं उरतं, त्याहून जास्त उरलंय."

"विषय बदलू नका. त्या पानावर मुलं थांबत नाहीत. मी शाळेत जाऊन पाहिलंय. वाचायला अक्षर नाही, बघायला माणूस नाही. झटकन उलटतात आणि पुढे जातात."

"माझी थांबली होती."

"तुमची एकच वाचक. तीही घरची."

बाबा हसले. हातातल्या सुरीने त्यांनी माझ्याकडे खूण केली. "ती बघ, इथेच उभी आहे. विचार तिलाच."

हे काय प्रकरण होतं ते सांगते.

माझे बाबा, होसोया तेत्सुरो, मंगाचे अभ्यासक होते. चित्रकथा माणूस नेमका कसा वाचतो, याचा त्यांना ध्यास होता. कुठल्या चौकटीवर डोळा रेंगाळतो, कुठलं पान हात घाईने उलटतो. आणि हे शोधायची त्यांची रीत विचित्र होती.

ते बघायचे नाहीत. ऐकायचे.

मी लहान असताना त्यांच्या अभ्यासिकेत, जमिनीवर बसून मंगाची साप्ताहिकं वाचायचे. ते माझ्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसायचे. डोळे मिटलेले. कुणी बघतंय म्हटलं की माणूस वेगळं वाचतो, असं त्यांचं म्हणणं. मागून पानांचा आवाज यायचा आणि त्यावरून ते पेन्सिलीने खुणा करायचे.

एका कथेत एक मुलगी शाळेतून घरी येते. दारातल्या फळीवर आईच्या चपला नसतात. पान उलटलं की पुढचं अख्खं पान रिकाम्या बोळाचं. माणूस नाही, शब्द नाही.

त्या पानावर मी थांबले होते. खूप वेळ.

माझी आई त्याच वर्षी वारली होती.

मूल शांततेपाशी थांबतं, कारण त्या रिकाम्या जागेत ते आपलं माणूस ठेवतं, असं बाबांनी लिहिलं. त्या एका प्रकरणाने त्यांचं नाव झालं. पुढे कितीतरी जणांनी ते आधाराला घेतलं.

"सानाए," बाबा त्या दिवशी म्हणाले, "नवी आवृत्ती छापायला जातेय. चुकीचं असेल तर काढून टाकू. त्यात लाजायचं काय? तू का थांबली होतीस?"

कप कधीच स्वच्छ झाला होता. मी विसळतच राहिले.

"आठवत नाही हो, बाबा. किती जुनी गोष्ट."

मला आठवत होतं. लख्ख आठवत होतं.

त्यांनी पर्सिमॉनची फोड माझ्यापुढे धरली. "बरं. आठवलं की सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खाली आले नाहीत. मी वर गेले तेव्हा ते खुर्चीतच होते. भिंतीकडे तोंड करून.

त्यानंतर काही आठवड्यांनी ती संध्याकाळ आली.

बाबांच्या अस्थी अजून घरातच होत्या, खालच्या खोलीत, आईच्या तसबिरीशेजारी. त्यांची साप्ताहिकं विद्यापीठाच्या ग्रंथालयाला द्यायची ठरली होती. नुकुई सकाळपासून मदतीला आली होती. जुना कागद, हात लावला की कडा तुटायच्या. आम्ही वर अभ्यासिकेत गठ्ठे करून सुतळीने बांधत होतो. शेवटचा गठ्ठा तिने बांधला, गाठ मारली, आणि रस्त्यावरून भाजकी रताळी विकणाऱ्याच्या गाडीचा भोंगा ऐकू आला.

"सेन्सेई असते तर आत्ता जिना उतरलेही असते," ती म्हणाली. "थांब, आणते. तुला मोठं की लहान?"

"तुला हवं ते आण."

"म्हणजे मोठं मी खाणार. मग नंतर तोंड पाडू नकोस."

तिच्या पावलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला. दार सरकलं.

माझे पाय भरून आले होते. बसायला एकच जागा होती. बाबांची खुर्ची.

मी बसले. तोंड भिंतीकडे, पाठ खोलीकडे. समोर लहानशी खिडकी. बाहेर अंधारत होतं, त्यामुळे काचेत मागची खोली दिसत होती. गठ्ठे, सुतळी, उघडं दार.

खाली रताळीवाल्याचं रेकॉर्डवरचं गाणं चालू होतं...

आणि ते मध्येच तुटलं.

गाडी दूर गेली की आवाज हळूहळू विरतो. हा तसा विरला नाही. कुणीतरी दार लावून घ्यावं, तसा बंद झाला.

मग माझ्या मागे...

सर्रर्र.

वाऱ्याने झालं असेल म्हणून मी खिडकीकडे पाहिलं. खिडकी बंद होती.

सर्रर्र.

तो आवाज मी कुठेही ओळखीन. स्वस्तातला, जाडाभरडा, जुना कागद. साप्ताहिकाचं पान.

मी काचेत पाहिलं. सगळे गठ्ठे बांधलेले होते. एकही साप्ताहिक उघडं नव्हतं. जमिनीवर कुणी नव्हतं.

सर्रर्र... सर्रर्र.

दोन पानं भरभर. मग एक सावकाश. मग परत भरभर.

ती लय मला माहीत होती. मारामारीची पानं पळवायची, खाण्याची चित्रं आली की रेंगाळायचं. बाबा अशा कुणाकुणाच्या लयी गोळा करायचे. ही माझी होती. लहानपणची.

मला उठायचं होतं. उठता येत नव्हतं. मी डोळे मिटले. तेवढंच जमलं.

खुर्चीत पाठमोरी बसलेली मी, डोळे मिटून ऐकणारी. आणि माझ्या मागे जमिनीवर कुणीतरी वाचणारं.

पानं उलटत राहिली.

आणि मग...

थांबली.

त्यानंतर काहीच नाही. कागद नाही, श्वास नाही. खालून नुकुई नाही, रस्ता नाही. फक्त मानेमागे जाणवणारी ती वाट बघणारी शांतता.

ती वाट कसली आहे, हे मला कळलं. जगात फक्त मलाच कळणार होतं. आवाज थांबवला की समोरचा काय करतो, हे त्या खोलीत एकदा कुणीतरी शिकलं होतं. ती मी होते.

म्हणजे बाबांना ते कळलं होतं? कधी? मी कप विसळत असताना? की पहिल्यापासूनच?

की ते बाबा नव्हतेच?

मी मागे वळले नाही. वळले असते तर काय दिसलं असतं, हा विचार आजही अंगावर येतो. आणि वळले नाही म्हणून कुणाला काय वाटलं असेल, हा त्याहून जास्त.

नुकुईने नंतर मला जे सांगितलं, ते आत्ताच सांगून टाकते. ती रताळी घेऊन जिन्याशी आली, तेव्हा तिलाही पानं ऐकू आली होती. भरभर, सावकाश, भरभर. मग बंद. "मला वाटलं, गठ्ठा सोडून वाचत बसलीस," ती म्हणाली. "म्हटलं, वाचू दे तिला." ती पायरीवरच थांबली होती. गठ्ठ्यांच्या गाठी तिने नंतर एकेक करून तपासल्या. एकही सुटलेली नव्हती. आता त्या पानाबद्दल ती वाद घालत नाही.

मी तिला ते पान कुठल्या गठ्ठ्यात होतं हे विचारलं नाही. गठ्ठे गेले. खुर्ची अजून तिथेच आहे. मी ती भिंतीपासून फिरवून ठेवते, तोंड खोलीकडे करून. कधीकधी सकाळी ती भिंतीकडे वळलेली असते.

पण त्या संध्याकाळी, डोळे मिटून, मागची शांतता सहन होईना तेव्हा मी बोलले. आवाज माझा वाटत नव्हता.

"बाबा, आठवलं. ते पान मी बघितलंच नव्हतं. पानांचा आवाज थांबला की तुम्ही वळून माझ्याकडे बघायचात. आई गेल्यापासून तेवढंच बघायचात. म्हणून थांबले होते."