किरकोळ दुरुस्ती

दातांच्या दवाखान्यात आपला नंबर येण्याची वाट पाहत बसलेल्या रूपाली गुळवणींना अचानक त्यांचा नवरा दिसला. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. समोरच्या पडद्यावर ताटकळलेल्या पेशंटांसाठी एक खेळ लावून ठेवला होता. त्यातला पोस्टमन पत्र टाकायला डावीकडच्या दाराऐवजी उजवीकडच्या दाराशी गेला, थबकला, त्याने कान खाजवला आणि चूक त्या दाराचीच असल्यासारखा त्याच्याकडे बघत मागे वळला.

"हेमंत!" रूपालीताई मोठ्याने म्हणाल्या. शेजारच्या बाई जरा सरकून बसल्या.

रूपालीताईंना वेड लागलं नव्हतं. २०६१ सालात असं काहीतरी अधूनमधून दिसणारच होतं, आणि का दिसतं हेही त्यांना ठाऊक होतं. झालं होतं असं, की मधल्या काळात संगणकावरच्या खेळांतली पात्रं इतकी हुशार झाली, की त्यांच्याशी खेळण्यात राम उरला नाही. त्यांना मुद्दाम चुकायला लावावं, तर ती फासे टाकल्यासारखी कुठेही, कशीही चुकत. माणूस असा चुकत नाही. माणसाची चूक त्याच्या चालण्याइतकीच त्याची स्वतःची असते. कुणी डावं-उजवं चुकतो, कुणी नावं चुकतो, कुणी घाईत शेवटचा आकडा गिळतो, आणि एकदा जसा चुकला तसाच जन्मभर चुकत राहतो. मनगटावर एक पट्टा बांधून त्याला साठ-सत्तर तास खेळायला लावलं आणि मेंदूकडून बोटांकडे जाणाऱ्या संदेशांतली अडखळ मोजली, की त्याच्या चुकांचं गणित मांडता येतं. चूक कळल्यावर तो काय करतो, तेही त्यात येतं. हे गणित अंगठ्याच्या ठशासारखंच दोन माणसांचं कधी सारखं नसतं, म्हणून त्याला चूकठसा असं नाव पडलं.

हे गणित पहिल्यांदा जमवणाऱ्यांत एक होती डॉ. नाझनीन शिकलगार. कऱ्हाडात गुळवणींच्या शेजारच्याच घरात लहानाची मोठी झालेली. तिला सुरुवातीला ठसे द्यायला माणसंच मिळेनात. आपल्या चुका नोंदवून घ्यायला कोण तयार होणार? तेव्हा हेमंतकाका स्वतः तिच्या प्रयोगशाळेत जाऊन बसले. "चुकणारा माणूस म्हणून गावात आपलं नाव आहेच," ते म्हणाले, "बांध पट्टा."

तो ठसा नाझनीनने मुक्त लायब्ररीत ठेवला. ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे. खेळ तयार करणाऱ्यांना लागणारे आयते भाग जिथे एकत्र ठेवलेले असतात, त्याला लायब्ररी म्हणतात. मुक्त म्हणजे कुणीही घ्यावी, वापरावी, सुधारावी. अट एकच. प्रत्येक बदलापुढे बदल करणाऱ्याचं नाव, तारीख आणि एका ओळीत कारण लिहावं लागतं, आणि ते पुन्हा पुसता येत नाही. बघता बघता 'गुळवणी-ठसा' हजारो खेळांत गेला. कुठे पोस्टमन, कुठे झेल सोडणारा क्षेत्ररक्षक. जगभर हेमंत गुळवणी चुकत होते आणि लोकांना ते आवडत होतं.

गावात मात्र त्यांचं नाव झालं होतं ते वेगळ्याच चुकीसाठी.

गुळवणी नवरा-बायको मिळून औषधांचं दुकान चालवत. २०३९ साली, एका बाजाराच्या दिवशी, काउंटरवर झुंबड असताना सोनटक्के गुरुजींची चिठ्ठी आली. रक्त पातळ करणारी गोळी, एक मिलिग्रॅमची. गेली ती पाचची. आठव्या दिवशी गुरुजी रक्तस्राव होऊन वारले. चौकशीत हेमंतने सांगितलं, "मी दिली." परवाना गेला, दुकान बंद झालं, कोर्ट झालं. लोक रस्त्यात भेटले की विषय बदलून बोलायचे. त्या दिवशी काउंटरमागे दोघंही होते, दोघांचेही हात त्याच खणांत जात होते, आणि ती पट्टी कुणी कापली हे रूपालीताईंना काही केल्या आठवत नव्हतं. त्यांनी नवऱ्याला एकदाच विचारलं होतं. "मीच," तो म्हणाला आणि जेवत राहिला. रूपालीताईंना हायसं वाटलं होतं, आणि त्या हायसं वाटण्याची लाज त्यांना बावीस वर्षं पुरली होती.

दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी नाझनीनला फोन लावला.

"चूकठशाला विचारता येतं का गं? त्या दिवशी कोण चुकलं ते?"

"सरळ नाही विचारता येत, काकू. पण तसं दुकान मांडायचं, तशा चिठ्ठ्या द्यायच्या, आणि काका कशात चुकतात ते बघायचं. खेळच तयार करायचा म्हणा ना. पण त्यातून मिळते ती शक्यता. तो पुरावा नव्हे. कोर्टं हल्ली जुनी प्रकरणं उघडताना ठसे मागवतात, तरी मी हेच सांगते."

"मला कोर्टात जायचं नाही. मला कळायला हवं."

खेळ खेळायला मोबाइल पुरतो, तयार करायला मात्र अजूनही टेबलावरचा संगणक बरा. हेमंतचा संगणक खिडकीपाशी तसाच होता, वर क्रोशाचा रुमाल घातलेला. रविवारी सकाळी नाझनीन आली, रुमाल काढला, धूळ पुसली आणि एक छापील कागद पुढे ठेवला. त्यावर सहा लायब्रऱ्यांची नावं होती आणि प्रत्येकीपुढे आवृत्तीचा क्रमांक. एक लायब्ररी पडद्यावर खिडकी उघडते, दुसरी चित्रं काढते, तिसरी आवाज सांभाळते, चौथी वस्तूंचं पडणं-आपटणं, पाचवी बोटांच्या हालचाली, आणि सहावी चूकठशांची.

"एकच मोठी का नाही करत?" रूपालीताईंनी विचारलं.

"प्रत्येकाने आपापल्या हौसेने केलेल्या असतात. शिवाय एकीला बोलावलं की ती आणखी चौघींना घेऊन येते. लग्नातल्या पाहुण्यांसारखं. आणि त्यांचं एकमेकींशी पटायला हवं, म्हणून आवृत्ती नेमकी लिहायची."

"मीच टाइप करते. दुकानात बिलं मीच करायचे."

रूपालीताईंनी चष्मा लावला आणि कागदावरून एकेक ओळ उतरवायला घेतली. पहिल्या दोन लायब्रऱ्या बिनबोभाट बसल्या. तिसरीला संगणकाने नकार दिला, अशी आवृत्ती अस्तित्वात नाही म्हणाला. त्यांनी पुन्हा तेच टाइप केलं, त्याने पुन्हा तेच सांगितलं. नाझनीनने वाकून आधी पडदा पाहिला आणि मग कागद. तिसऱ्या लायब्ररीच्या नावापुढे रूपालीताईंनी खालच्या, चौथ्या ओळीतला क्रमांक घातला होता.

"होतं असं," नाझनीन म्हणाली आणि क्रमांक बदलला. मग कागदावरच्या त्या दोन ओळींवरून तिने एकदा बोट फिरवलं.

दुपारपर्यंत सगळं बसलं. दुकान पडद्यावर आलं. काउंटर, लाकडी खण, समोर गिऱ्हाइकांची रांग. खण कसे होते, कुठल्याला कडी नव्हती, ते सगळं रूपालीताईंनी सांगितलं होतं. काउंटरमागे हेमंत उभा राहिला. चेहरा ओबडधोबडच होता, पण चिठ्ठी डोळ्यांसमोर धरताना तो मान जरा तिरकी करत होता, आणि ते बघून रूपालीताईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

नाझनीनने त्याला एक लाख चिठ्ठ्या दिल्या. संगणकाने त्या दहा मिनिटांत उरकल्या.

"किती?" रूपालीताईंनी विचारलं. आपला नवरा चुकलेला निघावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेली बायको जगात आपण एकटीच असू, असं त्यांना वाटत होतं.

"शून्य. अहो, एकही चूक नाही. डाव्या-उजव्याचीसुद्धा नाही! थांबा." नाझनीनने काहीतरी उघडलं आणि कपाळावर हात मारला. "सवयीने मी सगळ्यांत नवी आवृत्ती घेतली. चुका जपून ठेवायला लायब्ररी काढली, आणि गेल्या नऊ वर्षांत लोकांनी चांगल्या मनाने एकेक चूक दुरुस्त करून टाकली. आमच्या धंद्यातल्या लोकांना चूक दिसली की हात शिवशिवतात. दवाखान्यातला तो खेळ जुना असणार, म्हणून त्यात काका अजून चुकतात. मलाही जुनी आवृत्ती घ्यायला हवी."

काकांच्या हयातीतली शेवटची आवृत्ती एक-पूर्णांक-सहा होती. पुन्हा एक लाख चिठ्ठ्या. ह्या वेळी हेमंत डावा-उजवा खण चुकत होता, कान खाजवत होता, खण बदलत होता. आणि शेवटी पडद्यावर तक्ता आला.

"एकशे बारा वेळा," नाझनीन हळूच म्हणाली, "त्यांची नजर एक ओळ खाली उडाली. वरच्या औषधाला खालच्या औषधाचे मिलिग्रॅम लागले. गुरुजींच्या चिठ्ठीत खालच्या ओळीत पाच होतं?"

"होतं. पित्ताच्या गोळीपुढे."

रूपालीताई रडल्या. बावीस वर्षांचं रडू होतं ते, चांगलं पोटभर आलं. मग डोळे पुसून चहा टाकायला उठल्या, आलं किसलं आणि आतून म्हणाल्या, "तोच चुकला होता. बिचारा खरंच सांगत होता."

चहा घेऊन त्या बाहेर आल्या तेव्हा नाझनीन तक्त्याकडेच बघत होती.

"काकू, बसा जरा. काका चुकले की कान खाजवायचे. बाकी सगळ्या चुकांनंतर खाजवलाय. ह्या एकशे बारा वेळा एकदाही नाही. आणि त्यांचा ठसा मी स्वतः घेतला होता. ही ओळउडी त्यात मला कधी दिसली नव्हती."

तिने बदलांची यादी उघडली. एक-पूर्णांक-पाच आणि एक-पूर्णांक-सहा ह्यांच्यामध्ये एकच बदल होता. नाव हेमंत गुळवणी. तारीख ९ जानेवारी २०५२, म्हणजे ते गेले त्याच्या तीन महिने आधीची. आणि कारण, 'किरकोळ दुरुस्ती'.

नाझनीनने एक-पूर्णांक-पाचवर जाऊन पुन्हा लाख चिठ्ठ्या दिल्या. ओळउडी शून्य होती.

"त्यांनी ती बाहेरून आणून स्वतःच्या ठशात शिवलीय," ती म्हणाली. "पण चूक अशी हाताने लिहिता येत नाही. कुणाच्या तरी मनगटावरून यावी लागते."

रूपालीताईंनी कप खाली ठेवला. "थंडीचे दिवस होते. म्हणाला, माझी बोटं आखडतात, दहा-बारा दिवस पट्टा तू बांध आणि तो चिठ्ठ्या लावायचा खेळ खेळ. मी खेळले. दुपारचा वेळ बरा जायचा." त्यांनी टेबलावरच्या छापील कागदाकडे पाहिलं, तिसऱ्या आणि चौथ्या ओळीकडे. "तुला सकाळीच कळलं होतं."

"संशय आला होता."

"पण त्याने असं का करावं? कबूल तर त्याने आधीच केलं होतं."

"त्याच हिवाळ्यात कोर्टांनी ठसे मानायला सुरुवात केली, काकू. काकांनी मला फोन करून विचारलं होतं, मेलेल्या माणसाचा ठसाही मागवतात का म्हणून. मी हो म्हटलं होतं. मला वाटलं, नुसतं कुतूहल. बदल करणं त्यांना जमलं. यादी पुसली जात नाही, हे मात्र त्यांच्या लक्षात आलं नसावं."

खिडकीबाहेर भाजीची गाडी ओरडत गेली. पडद्यावर हेमंत रिकाम्या दुकानात उभा होता.

"नियमाने दुसऱ्याचा तुकडा ह्या ठशात ठेवता येत नाही," नाझनीन म्हणाली. "तो ज्याचा आहे त्याच्या नावावर करावा लागतो. पण आज रविवार आहे आणि मी इथे चहाला आले होते. मी काहीच पाहिलं नाही असं म्हणायला माझी हरकत नाही."

रूपालीताई रागावल्या. त्या हेमंतवर इतक्या रागावल्या होत्या, की तो समोर असता तर त्याला हलवून विचारलं असतं. मला का नाही सांगितलंस? मी बावीस वर्षं तुलाच मनातल्या मनात माफ करत होते! आणि तेवढ्याच जोराने त्यांना वाटत होतं, की गप्प बसावं. त्याने एवढ्या निगुतीने झाकून ठेवलेलं आपण का उघडावं?

"हे उद्या दुसऱ्या कुणाला सापडेल?" त्यांनी विचारलं.

"यादी सगळ्यांना उघडी आहे. कुणीतरी बघेलच. आता जगात असंच राहणार, काकू. कुणाला कुणाची चूक आपल्या अंगावर घेता येणार नाही."

रूपालीताईंनी खुर्ची पुढे ओढली. "सांग, काय टाइप करू?"

ह्या वेळी त्यांनी ओळीखाली फूटपट्टी धरली. तुकडा निवडला, नाव बदललं. कारणाच्या जागी लिहिलं, 'ही चूक रूपाली गुळवणी यांची आहे.' बदल मागे घेता येणार नाही, पुढे जायचं का, असं संगणकाने विचारलं. त्यांनी हो म्हटलं.

नाझनीनने, पटावं म्हणून, शेवटच्या लाख चिठ्ठ्या दिल्या. हेमंतने मान तिरकी करून एकेक वाचली आणि प्रत्येक वेळी बरोबर गोळी दिली. कधी डावा-उजवा खण चुकलाच, तर कान खाजवून लगेच दुसरा उघडला. उभ्या आयुष्यात जाणूनबुजून केलेली त्याची एकच चूक होती, आणि आता तीही दुरुस्त झाली होती.

रूपालीताईंनी संगणकावर रुमाल घातला, चष्मा काढून डबीत ठेवला आणि दाराशी जाऊन पायात चपला सरकवल्या.

"सोनटक्के गुरुजींची मुलगी," त्यांनी विचारलं, "अजून त्याच घरात राहते का गं?"