जिथून माणसं जातात

"अहो, पाय उचला... नको, आता राहू द्या. व्हायचं ते झालंय."

तिने खाली पाहिलं. ताज्या पांढऱ्या पट्ट्यावर तिची चप्पल मधोमध रुतली होती. समोर हातात रोलर घेऊन तो उभा होता. कपाळापासून कोपरापर्यंत रंगाचे शिंतोडे, आणि ओठांत दाबलेलं हसू.

"सॉरी. मी माणसं मोजत होते."

"किती झाली?"

"तासाभरात अकरा."

"माझ्यासकट?"

"तुम्ही कुठे रस्ता ओलांडताय? तुम्ही तर अडवून बसलाय."

ती नगररचनेच्या शेवटच्या वर्षाला होती. रस्ता पायी ओलांडणाऱ्यांची मोजणी करत तीन दिवस याच कोपऱ्यावर उभी होती. "उन्हात डोकी मोजायला पदवी कशाला लागते गं?" असं दादा रोज चिडवायचा. गुरुवारी नगरपालिकेत प्रकल्प मांडायचा होता. या रस्त्यावरचे पट्टे कुठे ठेवायचे आणि कुठे काढायचे, ते तिच्या आकड्यांवर ठरणार होतं.

"एक सांगू? रागावू नका," तो म्हणाला. "हा कडेचा जुना रंग बघा. इथे चाकं लागत नाहीत, झिजला तर पावलांनीच झिजायचा. दोन वर्षांत जसाच्या तसा आहे. इथून कोणी जातच नाही."

"मग कुठून जातात?"

त्याने रोलरनेच दाखवलं. दोनशे पावलांवर रुग्णालयाचं फाटक होतं. एक बाई खांद्यावर तान्हं, दातांत फाईल आणि मोकळा हात गाड्यांपुढे धरून रस्त्याच्या मधोमध थांबली होती.

"मागच्या वर्षी ताईला बाळासकट इथे आणायचो. टाके ओले होते तिचे. या कोपऱ्यापर्यंत यायचं, ओलांडायचं, पुन्हा मागे जायचं... कोण जाईल? आम्हीही तसेच मधून जायचो. मी पुढे, हात दाखवत."

ती बाई पलीकडे पोचेपर्यंत हिने श्वास रोखून धरला होता. मग तिचे कान तापले. तीन दिवस...आणि एकदाही मान वळवून तिकडे पाहिलं नव्हतं.

"आकडे काही खोटे नाहीत, देऊन टाक," संध्याकाळी कॉलेजातले तिचे सर म्हणाले. तिने दिले नाहीत. दुसऱ्या दिवशी ती फाटकापाशी गेली, आणि जेवणाच्या सुट्टीत तोही आला. डावी बाजू तिची, उजवी त्याची.

"तुमच्याकडे किती?" तिने पलीकडून ओरडून विचारलं.

"दोनशे सहा. आणि एक मुलगी आहे, ती मोजायची का?"

"कोणती?"

"मघापासून उन्हात उभी आहे. या बाजूला येतच नाही."

"तिला घाई नाहीये," ती म्हणाली, आणि पुढची चार माणसं मोजायची राहिली.

गुरुवारी सभागृहात एक साहेब चष्मा पुसत म्हणाले, "लोकांनीच पट्ट्यावरून चालायला शिकावं."

"कडेवर बाळ घेऊन चारशे पावलं जास्तीची चालून बघा, साहेब. मग शिकवू लोकांना," ती म्हणाली.

मागून कोणीतरी हसलं. साहेबांनी कागद उलटला. "पण तुम्हीच जोडलेल्या पहिल्या टिपणात तासाला अकराच माणसं आहेत. इथे चारशेवर?"

 त्या दिवशी गर्दी कमी होती, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं...

"तेव्हा मी चुकले. पट्टे जिथे होते तिथे उभी राहिले. माणसं जिथे होती तिथे गेलेच नाही."

"ही चूक दाखवली कोणी?"

"ते शेवटच्या रांगेत बसलेत. रस्त्यावरचे पट्टे तेच रंगवतात. हा अभ्यास आम्हा दोघांचा आहे."

सगळ्या माना वळल्या. इस्त्रीच्या शर्टात अवघडून तो उभा राहिला. त्याच्याकडे पाहताना तिची मान अशी ताठ झाली, जशी स्वतःच्या निकालानेही कधी झाली नव्हती.

फाटकासमोरचे पट्टे मंजूर झाले, सिग्नलसकट; रंगवायचे सोमवारी.

बाहेर पायऱ्यांवर तो बराच वेळ बाही दुमडत राहिला. "सगळ्यांसमोर म्हणालात... आम्हा दोघांचा."

"खोटं होतं?"

"नाही. पण... फक्त अभ्यासच का, एवढं विचारायचं होतं."

ती दोन पायऱ्या उतरली, आणि थांबली.

"सोमवारी किती वाजता रंगवणार?"

"सकाळी सहाला. का?"

"आईला घेऊन येतेय. तिला दाखवायचंय."

"पट्टे?"

"पट्टे ती नंतरही बघेल," ती म्हणाली.