निनादची शेवटची अकरा मिनिटं

टोपी घालण्याआधी घोसाळकर साहेबांनी चष्मा काढून रुमालात नीट गुंडाळून ठेवला. समोरच्या बाकावर शलाका भोगले बसली होती. ज्याची ती टोपी, त्या निनादची बायको. आणि आता अनुकंपा तत्त्वावर अग्निशमन दलात त्याच्याच जागी लागलेली.

अनुभवटोपी हल्ली प्रत्येक जवानाच्या डोक्यावर असते. नाडी, श्वास, कातडीला बसणारा चटका, पोटात उठणारी भीती, सगळं ती टिपते आणि दुसऱ्याच्या मेंदूत जसंच्या तसं उतरवते. ज्याच्या हुकमाखाली माणूस मेला, त्या अधिकाऱ्याने त्या माणसाची शेवटची मिनिटं अंगावर घेतल्याशिवाय त्याला बढती नाही, असा नवा नियम. मात्र घरच्यांची सही लागते. आठ महिने शलाकाने ती दिली नव्हती. मग तिला वाटलं, घेऊ दे की चटका! एकदा निनाद होऊन जळला, की हा माणूस पुन्हा कुणाला असा मरायला उभा करणार नाही.

साहेब डोळे मिटून बसले. रंगाच्या गोदामातल्या आगीतला निनादचा आणि साहेबांचा संवाद भिंतीवरच्या पडद्यावर उमटला.

"साहेब, छत वाकलंय. येऊ का बाहेर?"

"थांब रे, दोन मिनिटं."

शलाकाने मुठी आवळल्या. अकरा मिनिटं संपली. साहेबांनी टोपी काढली, चष्मा घातला आणि चहा मागवला.

"नाडी चौऱ्याहत्तर!" निवड समितीच्या दामलेबाई कौतुकाने म्हणाल्या. "अभिनंदन, मुख्य अधिकारी."

"अहो बाई, त्यांना काहीच वाटलं नाही!" शलाका ओरडली.

"तेच तर बघायचं होतं. आधीचे दोघे उमेदवार आपापल्या जवानाची टोपी घालून ढसाढसा रडले. चाळीस केंद्रं अशांच्या हाती द्यायची?"

"हे सही घेताना का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे शलाकाने ऐकले होते. इथे लोणी तिनेच सही करून वाढलं होतं.

साहेब तिच्याजवळ आले. त्यांच्या आवाजात खरीखुरी माया होती, आणि तीच तिला सहन होईना.

"वहिनी, निनाद शेवटपर्यंत जागचा हलला नाही. अशीच माणसं हवीत मला. उद्यापासून तुम्ही माझ्या खास पथकात."

त्यांनी तीच टोपी स्वतःच्या हाताने तिच्या डोक्यावर ठेवली आणि हनुवटीखाली पट्टा आवळला.

"बसते ना नीट?"

कानाशी बारीक हिरवा दिवा लागला. शलाकाची नाडी एकशे तीसवर गेली होती. टोपीने ती इमानाने टिपली. आता हिच्यात जे साठेल, ते पुढे कुणाच्या बढतीला कामी येणार?